मानाचा नारळ

परभणीच्या शेतकरी शिबिरातून चंद्रभान परतला तो पार बदलून. मजूर टिकवायचा तर नुसती मजुरी वाढवून भागत नाही, त्याचं कौतुकही करावं लागतं, असं तिथल्या साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं होतं. चंद्रभानला ते फारच पटलं, कारण कौतुकाला खर्च नसतो.

"कापूस फुटून लोंबायलाय, आभाळ भरून यायलंय," त्याची बायको निकिता म्हणाली. "बाया दुसरीकडं जायच्या आधी वेचणीचा भाव वाढवा की सरळ."

"पैशानं माणूस टिकत न्हाई, साहेब म्हणले."

"मग साहेब काय फुकट आले होते?"

हा प्रश्न चंद्रभानने कानाआड केला.

दुसऱ्या दिवशीची वेचणी आटोपल्यावर त्याने सगळ्या बायांना बांधावर बसवलं. पंचफुलाबाई टोळीची म्होरकी. तिच्यासारखा चलाख हात गावात दुसरा नव्हता, तेव्हा पहिला सत्कार तिचाच. शाल आणि नारळ असा बेत होता, पण शालीची किंमत ऐकून पोखर्णीच्या देवळासमोरून नुसता नारळच आला. चंद्रभानने घसा खाकरला.

"पंचफुलाबाईनं आपल्या रानात लय वर्सं इमानानं काम केलं. तिचे उपकार आमी कदी इसरणार न्हाई!"

आणि चारचौघींदेखत त्याने तिच्या हातात नारळ ठेवला.

टाळ्या त्याच्या एकट्याच्याच वाजल्या. पंचफुलाबाई नारळाकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले. पदराने ते पुसत ती चालू लागली आणि तिच्यामागे बाकीच्याही निघाल्या. कौतुक किती आतपर्यंत पोचलं, या विचाराने चंद्रभानही गहिवरला.

सकाळी मात्र रानात चिटपाखरू नव्हतं. उन्हं वर आली तरी कुणी फिरकेना, फोन उचलेना. शेवटी तो वस्तीवर गेला. टोळीतली म्हातारी धुरपताबाई गुडघा धरून ओट्यावर बसली होती.

"बाया कुठं गेल्या?"

"व्यंकटरावाच्या रानात. तुमीच नारळ दिला की पंचफुलाला! तिच्यासारखीला काढलं, तर आमाला कोण ठिवतंय?"

चंद्रभानच्या डोक्यात उजेड पडला, तेव्हा आभाळात चांगलाच अंधार झाला होता. वेचायचा कापूस भिजला तर व्यापारी हात लावणार नव्हता. तो तसाच व्यंकटरावाच्या रानाकडे पळाला.

"अवो पंचफुलाबाई, मानाचा नारळ होता तो!"

"मानाचा नारळ देवाला, मालक. माणसाला नारळ दिला की त्यानं घरी जायचं असतंय. रातभर डोळा लागला न्हाई. माझं काय चुकलं, त्येच आठवायले."

चंद्रभानला खरंच वाईट वाटलं. "तुमचं न्हाई, माझं चुकलं. चला आता. भाव बी वाढवून देतो."

"हाती घेतलेलं रान अर्धं टाकून आमी उठत न्हाई. हे सांजंपातुर उरकलं, तर उद्या उजाडताच तुमच्याकडं."

"आन न्हाई उरकलं तर?"

पंचफुलाबाईने नुसतं आभाळाकडे पाहिलं.

चंद्रभानने खांद्यावरचा टॉवेल सोडला, कमरेला त्याची ओटी बांधली आणि व्यंकटरावाच्या पऱ्हाटीत कापूस वेचायला घुसला. बायांमध्ये खसखस पिकली.

"मालक, मागं बोंडं राहायलीत!" पंचफुलाबाई सारखी ओरडत होती. वाळक्या बोंडांनी बोटं सोलवटली, कंबर तर आपली आहे की नाही तेही कळेना. पण दिवस मावळायच्या आत रान उरकलं. पाऊसही तेवढा वेळ आला नाही.

काट्यावर बायांची गाठोडी चढली, प्रत्येकीला पैसे मिळाले. शेवटी चंद्रभानचं लहानसं गाठोडं आलं. व्यंकटरावाने ते बघितलं आणि सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली.

"शाब्बास, चंद्रभान! तुझ्यासारखा कष्टाळू माणूस पंचक्रोशीत न्हाई!"

चंद्रभानने एका हाताने कंबर धरली आणि दुसरा हात पुढे केला.

"शाबासकी ऱ्हाऊ दे, व्यंकटराव. किलोचे पैसे टाक."