काठीला कुणी हात लावला?

“माझ्या काठीला कुणी हात लावलाय?”

सान हुआनचा सण उजाडला तो नेमेस्यो शिंप्याच्या या आरोळीनं. शेजारीपाजारी कुणी दचकलं नाही. त्या गल्लीत ही आरोळी कोंबड्याच्या आरवण्याइतकीच नेमाची होती.

काठी म्हणजे बिलियर्डची. दोन तुकड्यांची, मधे पेच. मागचा जाड दांडा कसाही असला तरी भागतं, पण पुढची निमुळती काठी डाव्या हाताच्या बोटांच्या वेटोळ्यातून सरसर सरकायला हवी. जराशी चिकटली की चेंडू भलतीकडेच. आणि नेमेस्योची काठी चिकटत होती. काल चिकटत होती, आज त्याहून जास्त. नेमका आजच दुपारी कुया दोरोच्या, म्हणजे दोरोदादाच्या, बिलियर्डच्या अड्ड्यावर सणाचा अंतिम सामना, तोही बर्नाबे न्हाव्याशी. हा बर्नाबे त्याला दर सणाला हरवायचा आणि मग वर्षभर, केस कापताना, मान खाली दाबून त्याची आठवण करून द्यायचा.

“मी नाही हो लावला हात,” स्वयंपाकघरातून त्याची बायको लिगाया म्हणाली. “सणाचा एवढा रगाडा पडलाय. तुझी काठी कुरवाळायला वेळ कुणाला आहे?”

“मग इनांगनं लावला असेल!”

इनांग सेपा म्हणजे त्याच्या सासूबाई. त्या खिडकीपाशी लसूण सोलत बसल्या होत्या. “लावला होता की. ईस्टरच्या आधी. तेव्हा तू घर डोक्यावर घेतलंस. आता कशाला लावू बाबा?”

ते खरं होतं. बैठकीच्या खिडकीतला पडद्याचा दांडा वाळवीनं पार पोखरला होता. नेमेस्योनंच शिवलेला पिवळा पडदा पितळी कड्यांसकट पेटीत पडून होता, आणि समोरची फेलिसा घरबसल्या त्यांच्या ताटात काय वाढलंय ते बघत होती. सासूबाईंना दांडा हवा होता. नेमेस्योच्या काठीचा पुढचा तुकडा सरळ होता, हलका होता आणि खिडकीच्या मापाचा होता. त्यांनी कड्या ओवून पाहिल्या. अर्ध्यावर अडकल्या. तेवढ्यात नेमेस्यो आत आला.

“पडद्याला? माझी काठी पडद्याला?”

“मग काय पूजेला लावू? एक तरी सण जिंकलास का तिच्या जिवावर?”

“यंदा जिंकणार! नाही जिंकलो तर काठी तुमची. खुशाल टांगा पडदा!”

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. पण फेलिसा समोरच्या खिडकीत हजर होती. संध्याकाळपर्यंत पैज गावभर झाली.

तेव्हापासून नेमेस्योच्या जिवाला चैन नव्हतं. शर्टाला बटण लावता लावता उठायचा, काठीवर हात फिरवायचा आणि तोंड वाकडं करायचा. पावडर चोळली, तर काठीवर पिठल्यासारखा थर बसला. कुणी सांगितलं म्हणून दातांची पेस्ट लावली, नुसता पुदिन्याचा वास सुटला. मग बारीक पॉलिश पेपर आला. रोज थोडं घासायचं, फडक्यानं पुसायचं. फडक्यात धरली की काठी कशी लोण्यासारखी! फडकं काढून बोटांत धरली, की पुन्हा तेच. मग पुन्हा पॉलिश पेपर. काठी बिचारी दिवसेंदिवस रोडावत चालली.

“अरे, एकदा हात धुऊन बघ ना,” लिगाया म्हणाली.

“वेड लागलंय का तुला? पहाटेपासून इस्त्री करतोय मी. हात तापलेत. पास्मा झाला म्हणजे?”

तापल्या हाताला गार पाणी लागलं की पास्मा होतो, हात कापायला लागतात, हे त्या गावात कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. इस्त्रीवाल्या शिंप्याला त्याची धास्ती, बिलियर्डवाल्याला तर दुप्पट, आणि नेमेस्यो पडला दोन्ही. म्हणून तो हात पुसायचा, धुवायचा नाही. तळलेली मासळी खाल्ली तरी पँटला पुसून मोकळा. सासू-जावयाचं आयुष्यात कशावरच पटलं नव्हतं, पण एवढ्या गोष्टीवर एकमत होतं.

“त्या बाबतीत त्याचं बरोबर आहे हो,” सासूबाई म्हणाल्या. “माझा काका असाच गेला.”

“काका झाडावरून पडून गेला, आई.”

“हात कापले म्हणूनच पडला ना!”

लिगायानं कपाळावर हात मारला आणि ती धुण्याची बादली उचलून बाहेर निघून गेली.

नेमेस्योनं काठीवरून शेवटचा पॉलिश पेपर फिरवला, स्पिरिटनं पुसली आणि उन्हात सुकावी, शिवाय कुणाचा हात पोचू नये, म्हणून खिडकीच्या वरच्या कोनाड्यात ठेवली. मग तो दुसऱ्या काळजीला लागला. सान हुआनच्या दिवशी गावात दिसेल त्याला पाण्यानं न्हाऊ घालतात. पाद्री असो, फौजदार असो, कुणी सुटत नाही, आणि भिजलेल्यानं रागवायचं नाही असा दंडक. रस्ताभर बादल्या घेऊन लोक टपलेले. त्यातून काठी आणि हात कोरडे न्यायचे होते.

त्यानं काठीच्या लांबट डब्याला मेणकापड गुंडाळलं, वरून शिंप्याच्या पक्क्या गाठी मारल्या. दोन्ही हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि दातांनी दोरी आवळली. तोवर अड्ड्यावरून निरोप आलाच, बर्नाबे येऊन बसलाय. डबा छातीशी कवटाळून नेमेस्यो धावत सुटला.

“अगं बाई, शिंपी बघ! हाताला मोजे घालून कुठं निघालास रे?”

“घाला पाणी, घाला! डोक्यावर घाला! हातांना सोडा!”

बायकांनी डोक्यावर घातलं, पाठीवर घातलं, एकीनं कॉलरमधून आत सोडलं. नेमेस्यो चिंब झाला, पण अड्ड्याच्या पायरीवर पोचला तेव्हा पिशव्यांतले हात कोरडे ठणठणीत. जिंकल्याच्या थाटात त्यानं दातांनी दोरी सोडली, पिशव्या काढल्या आणि बोटं हवेत नाचवली.

“विवा सान हुआन!”

अख्खी बादली थेट त्या हातांवर रिकामी झाली. आणि पाण्याला फेस होता! समोर लिगाया उभी.

“साबणाचं? धुण्याचं पाणी?” नेमेस्यो किंचाळला. “मेलो! पास्मा! सामन्याच्या तोंडावर, आणि सख्ख्या बायकोनं!”

“सणाला रागवायचं नसतं,” लिगाया म्हणाली आणि टॉवेलनं तिनं त्याचं एकेक बोट खसखसून पुसून काढलं. टॉवेल काळा झाला.

थरथर कधी सुरू होतेय याची वाट बघत नेमेस्योनं डब्याच्या गाठी सोडायला घेतल्या. त्या इतक्या पक्क्या होत्या, की शेवटी बर्नाबेनंच खिशातली कात्री दिली. डबा उघडला. आत मागचा दांडा. नुसताच. पुढची काठी घरी, कोनाड्यात, उन्हात.

“जाऊन ये की,” बर्नाबे गालातल्या गालात हसला. “मी थांबतो. पण कुया दोरो थांबेल का?”

कुया दोरोनं घड्याळाकडे बोट दाखवलं आणि भिंतीवरची अड्ड्याची एक काठी त्याच्या हातात दिली. ती केळ्यासारखी वाकडी होती. कळकट तर इतकी, की नेमेस्यो एरवी तिला चिमट्यानंही शिवला नसता. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. पण दारात गाव जमलं होतं. त्यानं लिगायाच्या टॉवेलनं काठी पुसली, वाकला, बोटांचं वेटोळं केलं आणि ढकलली.

काठी सरसर पुढे गेली.

मागे घेतली, तशीच आली. नेमेस्योनं बोटांकडे पाहिलं. कापत नव्हती. चिकटतही नव्हती. पहिला चेंडू टेबलाच्या भोकात गेला, दुसरा गेला, आणि बर्नाबेचं हसू हळूहळू मिशीत जिरलं. “वाकडी काठी आहे रे, जरा जपून!” तो मधेच ओरडला, पण नेमेस्यो आता जपण्याच्या पलीकडे गेला होता. अखेरचा चेंडू पडला तसं कुया दोरोनं त्याला मिठी मारली, आणि बर्नाबेनं, खरं सांगायचं तर रडवेल्या तोंडानं, हात मिळवला.

“केस कापायला येशील तेव्हा बोलू,” तो म्हणाला.

नेमेस्यो घरी गेला तो नाचतच. वाटेत उरलंसुरलं पाणी अंगावर घेत, दोन्ही हात पुढे करून. “इनांग! ऐकलंत का? जिंकलो! पैज मी जिंकलो!”

“ऐकलं. फेलिसा सांगून गेली,” सासूबाई म्हणाल्या. “शाबास हो.”

सासूबाईंनी शाबास म्हटलं! नेमेस्यो क्षणभर गहिवरला. मग त्याचं लक्ष खिडकीकडे गेलं. खिडकीत पिवळा पडदा डोलत होता.

“इनांग! ही माझी काठी!”

“तुझीच. कोनाड्यात दिसली. म्हटलं, बघू पुन्हा ओवून. आता कड्या अर्ध्यावर अडकत नाहीत, बघ. छान बारीक केलीस हो.”

“पण पैज मी जिंकलोय!”

“जिंकलास ना. कुठल्या काठीनं?”

नेमेस्योनं लिगायाकडे पाहिलं, तर ती पदार्थ झाकायच्या निमित्तानं आत पळाली. आतून खुसखुस ऐकू आली.

“भिंतीवरची वाकडी काठी तुला पुरते,” सासूबाई म्हणाल्या. “मग ही सरळ बिचारी कशाला बसवून ठेवायची?”

तो खिडकीपाशी गेला. वर त्याची काठी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चकचकीत. त्यानं पडदा जरासा ओढला. कड्या एका दमात या कडेपासून त्या कडेला गेल्या, आवाजही झाला नाही. इतके महिने घासून त्याला हवं होतं ते सरसर सरकणं हे होतं, अगदी हेच! त्याला रडू येत होतं आणि अभिमानही वाटत होता. त्यानं पुन्हा ओढायला हात वर केला.

“ए! हात लावू नकोस!” सासूबाई कडाडल्या. “नवा पडदा आहे. आधी हात धुऊन ये.”