साचलंय की तुंबलंय?

क्रियापदांच्या बाबतीत आमच्या शब्दकोश कार्यालयात माझा हात धरणारा कुणी नाही. हे मीच म्हणतो, पण छातीठोकपणे म्हणतो!

त्या दिवशी माझ्या वाट्याला ‘साचणे’ आलं होतं. मी व्याख्या केली : ‘पाणी, धूळ, गाळ इत्यादी हळूहळू, कुणी न जमवता एका जागी गोळा होणे.’ काय व्याख्या! पहिलं बाळ दाखवावं तशी मी ती टेबलाटेबलावर नेऊन दाखवली.

तेवढ्यात घरून बायकोचा फोन.

“अहो, मोरीत पाणी साचलंय!”

मला भरूनच आलं. “वा! हळूहळू साचलं ना?”

“हळूहळू कसलं? नळ तुटून हातात आलाय! भसाभसा येतंय!”

“मग ‘साचलंय’ म्हणू नकोस. साचणं सावकाश असतं.”

“अहो, तो मेन कॉक...”

“वाट अडली असेल तर ‘तुंबलंय’ म्हण!”

फोन बंद झाला. मला वाटलं, पटलं तिला!

लगेच खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांचा फोन. “तुमचं पाणी आमच्या छतातून झिरपतंय!”

“नुसती ओल आहे, की थेंब पडतायत?”

“धार लागलीय! थेट मशीनवर!”

“मग ते गळतंय, काका. झिरपणं वेगळं.”

यावर काका जे बोलले, ते शब्द कोशात घ्यायची आम्हांला परवानगी नाही.

“घरी जा!” शेजारच्या टेबलावरून संपादकबाई ओरडल्या.

घरी पोचलो तर जिन्यावरून ओहोळ. आई पाय वर घेऊन डायनिंग टेबलावर बसलेली, खाली तिची गादी तरंगायच्या बेतात.

“मेन कॉक कुठाय?” बायको किंचाळली.

“माळ्यावर, जुन्या बॅगेमागे!” मी चढलो, बंद केला. “आधी नाही का विचारायचंस?”

मग ती बोलायला लागली. कॉकपासून निघाली ती थेट आमच्या लग्नापर्यंत मागे गेली. शेवटी म्हणाली, “इतकी वर्षं मनात साचलंय सगळं!”

मी थक्क! हा अर्थ माझ्याकडून सुटलाच होता! दुसऱ्या दिवशी नोंदीत घातला, उदाहरण म्हणून तिचंच वाक्य. संपादकबाई म्हणाल्या, “कोशात इतकी जिवंत नोंद दुसरी नाही.” संध्याकाळी ताठ मानेनं ती घरी वाचून दाखवली.

बायकोनं शांतपणे ऐकली. “आणि ‘वाळणे’ कधी घेणार?”

“ते तर केव्हाच झालं!” मी अभिमानानं सांगितलं.

“मग आईंची गादी अजून ओली कशी? उचला, गच्चीवर न्या!”

ओली गादी फारच जड असते हो!