पोस्टकार्डाएवढा बॉयलर

सासऱ्यांच्या स्लाइड प्रोजेक्टरची लेन्स विनायकने त्यांना न विचारता काढली, पण दोन दिवसांत परत ठेवायची हे अगदी प्रामाणिकपणे ठरवून. अशी जुनी लेन्स डिजिटल कॅमेऱ्याला लावली की मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं, असं त्याने मोबाइलवर पाहिलं होतं. बिट्टन मार्केटमधून नळाच्या पाइपचा तुकडा आणून त्याने लेन्स त्यात बसवली आणि हलू नये म्हणून भरपूर एम-सील थापलं. फोटो झकास आले. बायकोचं, वैजयंतीचं, नाक स्पष्ट आणि बाकी सगळं भोपाळ धुक्यात.

"माझे कान कुठे गेले?"

"त्यालाच कला म्हणतात."

"कला राहू दे. रविवारी बाबांची पंचाहत्तरी आहे. ते स्लाइड दाखवणार म्हणतायत."

विनायकने लेन्स ओढली, पिळली, गरम पाण्यात बुडवली. एम-सील ढिम्म.

रविवारी वीस पाहुणे जमले. सासऱ्यांनी, शांतारामांनी, जर्मनीतल्या ट्रेनिंगचा डबा उघडला. एकशे चाळीस स्लाइड, त्यात साठ नुसते बॉयलर. प्रोजेक्टरच्या तोंडाला भोक दिसलं तसे ते जावयाकडे वळले. विनायकने मुकाट्याने पिशवीतून पाइप काढला.

"विनायकराव, हे काय?"

"लेन्सच आहे, बाबा. जरा लांब झालीय."

पाइप भोकात जाईना, म्हणून विनायकने तो पुढे हाताने धरला. भिंतीवर नुसता ढग. प्रोजेक्टर पुढे सरकवत सरकवत भिंतीपासून हातभर अंतरावर आणला, तेव्हा कुठे बॉयलर स्पष्ट झाला. पोस्टकार्डाएवढा.

"अंकल, ये तो डाक टिकट हो गया," शेजारचे सक्सेनाजी म्हणाले.

खुर्च्या सोडून सगळे भिंतीशी दाटीवाटीने उभे राहिले. शांताराम एकेकाची मान वाकवून व्हॉल्व्ह दाखवत होते. दोन तासांनी दिवे लागले तेव्हा विनायकचा हात लाकूड झाला होता. आता आपली खरडपट्टी निघणार, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

"विनायकराव, वीस वर्षं मी हे दाखवतोय," शांताराम गहिवरून म्हणाले. "पाचव्या बॉयलरला लोक घोरायला लागतात. आज एकही माणूस झोपला नाही."

"बाबा, उभ्याने कोण झोपणार?"

"तेच तर." शांतारामांनी कपाटातून दुसरा डबा काढला. "इटलीपर्यंत आजवर कुणी टिकलंच नव्हतं. धरा बरं."

सक्सेनाजी चप्पल शोधू लागले. विनायकने नुसता हात बदलला.