दारात कल्ले, खुर्चीपाशी गायब

"माझ्या नजरेतून चूक सुटणार? नाव बदलून ठेवा माझं!" थोरल्या जावयांनी छाती ठोकून सांगितलं. त्यांच्या बायकोने नुसतं "बरं बरं" म्हटलं.

आता या भावोजींची नोकरी म्हणजे औषधाच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं तपासणं. एक गोळी तिरकी दिसली की पाकीट बाजूला! तीच खोड घरी. सिनेमात नायिका ढसाढसा रडतेय, घरातले डोळे पुसतायत, आणि भावोजी ओरडणार, "अरे, आत्ता हिच्या हातातला कप भरलेला होता! मध्ये कोण पिऊन गेलं?" त्यांच्या शेजारी बसायला कोणी तयार नसे. अपवाद एकच, सासूबाई! कारण त्या यांच्याही वरताण. "कप सोडा हो जावईबापू, खिडकीबाहेर बघा. मघाशी दिवस होता!" दोघं मिळून सिनेमाची अशी पिसं काढत की बाकीचे उठून दुसऱ्या खोलीत जात.

पण ऑपरेशन होऊन घरी आल्यापासून सासूबाईंचं काहीतरी बिनसलं होतं. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे. ठणठणीत कसली! बाई कशालाच नावं ठेवीनात! बिनमिठाचं सूप पुढे केलं, "छान झालंय." पडदे उलटे लावले, "छान दिसतात." आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसल्या.

सासऱ्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. "लग्न झाल्यापासून हिने मला कधी छान म्हटलं नाही, आणि आता दिवसभर म्हणतेय! जावईबापू, मला भीती वाटते हो!"

मग धाकट्या मुलीने डोकं लढवलं. आईबाबांच्या पहिल्या भेटीचा छोटासा सिनेमा काढायचा, तोही बाबांच्याच केस कापायच्या दुकानात. तो बघून तरी आई खुलेल. तरुण बाबा म्हणजे धाकटीचा नवरा, तरुण आई म्हणजे थोरली बहीण, गिऱ्हाईक म्हणून आलेले आईचे वडील म्हणजे शेजारचे काका. आणि चुका धरायला भावोजी! "भावोजी, बिनचूक पाहिजे हं. आईला एक चूक खपत नाही."

भावोजींनी कंबर कसली. कंगवा कुठे, टॉवेल कुठल्या खांद्यावर, प्रत्येक शॉटचा मोबाईलवर फोटो! सगळ्या गोष्टींचा बंदोबस्त केला, फक्त सासऱ्यांचा करायचा राहिला.

धाकट्या जावयाने या कामासाठी खास केस वाढवले होते, कल्ले राखले होते. पहिला शॉट झाला. दिवा हलवायला सगळे वळले, तेवढ्यात मागून आवाज आला, कच् कच्!

"बाबा! हे काय करताय?"

"काही नाही गं. डावीकडे जरा जास्त होतं. बघवेना."

भावोजी फोटो घेऊन धावले. "अहो बाबा, दारातून येताना याचा डावा कल्ला गालापर्यंत होता!"

"असं? मग उजवाही बारीक करतो, म्हणजे कळणार नाही."

उजवा बारीक झाला, तर डावा मोठा दिसायला लागला. कात्री काढून घेतली, तर म्हातारबुवांनी खणातून दुसरी काढली. तीही काढून घेतली. पण केस कापायच्या दुकानात कात्र्यांना काय तोटा! हीरो दारात शिरला तेव्हा झुपकेदार, खुर्चीपाशी सुबक, आणि निरोपाच्या शॉटला जवळजवळ टक्कल. पुन्हा काढायचं म्हटलं तर केस उगवायला नकोत? त्या रात्री भावोजींना जेवण गेलं नाही. आईंना हसवायचं सोडून आपण हे काय करून बसलो, असं त्यांना मनापासून वाटलं.

शेवटी होता तसाच सिनेमा लावला. सगळे पडद्याकडे सोडून सासूबाईंकडेच बघत होते. बाई ढिम्म! कल्ले गेले, बाई ढिम्म. झुलपं गेली, तरी ढिम्म. पडद्यावर काकांचे केस कापून झाले, आणि तरुण आई गोड हसून म्हणाली, "किती छान कापलेत हो माझ्या बाबांचे केस!"

सासूबाई ताडकन ताठ झाल्या. "थांबव ते! कोण म्हणालं छान?"

"तूच ना, आई..."

"मी? पहिल्याच भेटीत? ह्या माणसाला? अगं, माझ्या वडिलांचा एक कल्ला वर, एक खाली करून ठेवला होता यांनी! मी पुन्हा कापायला लावला. पुन्हा वाकडा! पुन्हा लावला. शेवटी वडील डोक्यावर रुमाल टाकून घरी गेले!"

"बाबा, खरंय हे?"

"खरंय," सासरे खालमानेने म्हणाले. "तेव्हापासून कोणाचे वाकडे कल्ले दिसले की माझा हात थांबत नाही."

"मग आधी सांगायचं ना!"

"मला कोणी विचारलंच नाही."

"मागे घे!" सासूबाई कडाडल्या. "दारात याला कल्ले, खुर्चीपाशी गायब! हा केस कापायला आलाय की कापून घ्यायला? आणि तो टॉवेल बघ, ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर!"

सासऱ्यांचे डोळे भरून आले. "अगं, ही ओरडतेय! ऐका रे, ओरडतेय!" धाकटी हसता हसता रडायला लागली. भावोजींच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यांना इतकं हायसं वाटलं, की ते उत्साहाने खुर्ची ओढून सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसले. "आणि आई, ती दिव्याची सावली पाहिलीत का? भिंतीवर?"

"सावली सोडा हो जावईबापू, सिनेमातल्या आरशात बघा. मोबाईल धरून, जीभ बाहेर काढून, तिथे कोण उभं आहे?"

सगळ्यांनी पाहिलं. दुकानात दोन्ही भिंतींना आरसे. त्यामुळे एका भावोजींच्या मागे दुसरे, त्यांच्यामागे तिसरे, अशी भावोजींची लांबलचक रांगच उभी होती! आणि तीही प्रत्येक शॉटमध्ये!

"ते आम्ही... चुका तपासत होतो," भावोजी पुटपुटले.

"दिसतंय ते. याचे केस वाढू देत, मग पहिल्यापासून पुन्हा काढू. चुका मी धरीन."

"आणि मी काय करू, आई?"

"तुम्ही गिऱ्हाईक व्हा," सासूबाई म्हणाल्या. "आणि कात्री खऱ्या बाबांच्या हातात द्या."