शनिवारी चार वाजता, शल्हूब आजोबा

नुहादने बॅग भरून दाराशी आणून ठेवली, तेव्हा तिचा मुलगा नदीम स्वयंपाकघरात बसून बाटल्यांवर आजोबा चिकटवत होता.

म्हणजे आजोबांचा फोटो. काळा-पांढरा, टाय लावलेला, मिशा पिळलेल्या, आणि चेहरा असा की समोरच्याने काहीतरी गुन्हा केलाय आणि यांना तो कळलाय. नदीमने तळघरात डाळिंबाच्या रसाची तांबूस बिअर तयार केली होती. सहा आठवडे मुरवली होती आणि तिला नाव दिलं होतं ‘जिद्दो’. आमच्याकडे प्रत्येक नातू आजोबांना हीच हाक मारतो.

“किती पिंपं म्हणालास?” नुहादने विचारलं.

“नऊ. आणि या बाटल्या.”

“शनिवारी नऊच्या नऊ संपली तर राहा. नाही संपली तर सोमवारचं विमान. तुझा मामा अबूधाबीत तुझ्यासाठी नोकरीची खुर्ची अडवून बसलाय.”

“अगं, पण संपतील की!”

“कोण पिणार? तुझे आजोबा तरी प्यायलेत का अजून एक घोट?”

आमच्या कफर नौस गावात अरक पितात, म्हणजे बडीशेपेची दारू. बिअर म्हणजे उन्हाळ्यात बेरुतहून येणाऱ्या पोरांचं पाणी, असं गावाचं ठाम मत. शल्हूब आजोबा तर त्याही पुढचे. “तोंड धुवायला बरी आहे,” एवढंच ते म्हणाले होते, आणि तेही न चाखता. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाशी वाद कोण घालणार!

पण नदीमचाही हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. सप्टेंबर सरला की बेरुतची गर्दी परत जाते आणि समुद्र गावाचा होतो. पाणी अजून कोमट असतं, ऊन मवाळ झालेलं असतं, ऑलिव्ह तोडून दमलेली माणसं संध्याकाळी खुर्च्या टाकून किनाऱ्यावर पाय सोडून बसतात. मोसमातलं शेवटचं पोहणं कुणी चुकवत नाही. त्याच दिवशी, तिथेच पिंपं उघडायची, की झालं.

त्यासाठी त्याने बेरुतच्या चुलतभावाकडून कागद छापून घेतला. वर आजोबांचा तोच फोटो, भोवती जाड काळी चौकट, कारण भावाच्या मते हल्ली हेच चालतं. फोटोखाली नाव: शल्हूब तन्नूस. त्याखाली: शनिवार, दुपारी चार. चर्चच्या सभागृहासमोर, किनाऱ्यावर. सगळ्यांनी यावं. आणि अगदी तळाला फेसाळता ग्लास आणि ‘नवी बिअर, पोटभर प्या’.

साठ कागदांचा गठ्ठा नदीमने मंगळवारी बशाराच्या बायकोकडे दिला आणि लगेच लावायला सांगितलं. आता हा बशारा म्हणजे गावातला कागद लावणारा. तीस वर्षं तो विजेच्या खांबांवर, बेकरीच्या भिंतीवर आणि चर्चच्या दारावर कागद लावतोय, पण एकाच प्रकारचे. कुणी गेलं की फोटो, नाव, वार, वेळ. गाव ते वाचतं आणि काळे कपडे काढून इस्त्रीला टाकतं. दुसरा कुठला कागद बशाराने जन्मात लावला नव्हता.

त्यात तो आठवडाभर ऑलिव्ह तोडायला गेलेला. गठ्ठा त्याने सोडला तो थेट शनिवारी पहाटे. वर शल्हूब आजोबा! बशारा तिथेच पायरीवर बसून रडला. दोघांनी वीस वर्षं एकत्र मासे धरले होते. डोळे पुसून पुन्हा पाहतो, तर खाली बिअरचा ग्लास.

“बघ, बघ या छापखानेवाल्यांना!” तो बायकोवर ओरडला. “माणूस मेलाय आणि यांना जाहिरात सुचतेय! आण ती कात्री.”

आणि त्याने साठच्या साठ कागदांचा खालचा भाग कापून टाकला. मग मन लावून, प्रत्येक खांबावर सरळ, कागद लावले.

सकाळी आठपर्यंत गाव हादरलं होतं. लोक शल्हूबच्या घरी धावले, तर दाराला कुलूप. आजोबा सोमवारपासून वरच्या बागेत ऑलिव्ह तोडत होते, तिथे फोन लागत नाही. त्यांना आणायला नुहाद पहाटेच गाडी घेऊन वर गेली होती. नदीम किनाऱ्यावर पिंपं ओढत होता, आणि त्याचा फोन घरी चार्जिंगला.

“बंद घर! म्हणजे इस्पितळातच गेले बिचारे,” हिलाने मावशी म्हणाली. रडण्यात हिलानेचा हात धरणारं आमच्या किनाऱ्यावर कुणी नाही. “तरी मी म्हणत होते, परवा मला स्वप्नात दात पडलेला दिसला.”

मुख्तार वहीब म्हणजे गावचा मुखिया. त्याने चर्चची घंटा वाजवायला सांगितली, दुकानं बंद करवली, आणि बत्रूनहून पांढऱ्या फुलांचं माणसाएवढं चक्र मागवलं.

घंटा नदीमनेही ऐकली. कुणीतरी गेलंय, हे त्याला कळलं. आजच? आता कोण येणार बिअर प्यायला! त्याने प्लास्टिकच्या दीडशे खुर्च्या रांगेत मांडल्या होत्या. त्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत तो एकटाच उभा राहिला आणि सोमवारच्या विमानाचा विचार करत राहिला.

आणि चार वाजता गाव आलं!

दोन-चार माणसं नव्हेत, अख्खं गाव. शेजारच्या दोन गावांतली माणसंही. सगळे काळ्या कपड्यांत. नदीमला वाटलं, त्या दुसऱ्याच कुणाच्या तरी मयताहून परस्पर आलेत. एवढ्या दुःखातही माझी आठवण ठेवली! त्याचे डोळे भरून आले. ते भरलेले डोळे पाहून समोरचे आणखी हळहळले.

मुख्तार सर्वांत पुढे. छातीवर हात ठेवून त्याने नदीमला मिठी मारली.

“देव तुला बळ देवो, पोरा.”

“बळ लागणारच, काका. पहिलंच वर्ष आहे.”

“फार अचानक झालं रे.”

“अचानक कसलं? सहा आठवडे पिंपात होता जिद्दो.”

मुख्तारचा हात नदीमच्या खांद्यावर होता, तो तिथेच गोठला. “पिंपात?”

“हो. तळघरात. बाहेर ठेवला तर खराब होतो ना! आज सकाळी काढला.”

मागे उभ्या असलेल्या बायकांत कुजबूज सुरू झाली. हिलानेने क्रॉसची खूण केली, एकदा नाही, तीनदा.

“आणि… तुझ्या आईला माहीत आहे?” मुख्तारने खालच्या आवाजात विचारलं.

“तिनेच तर मदत केली. डाळिंबं तिनेच सोलली.”

“डाळिंबं कशाला?”

“रंग यायला! चाखून तर बघा, काका, मग बोला. पहिला ग्लास तुमचा.”

मुख्तार दोन पावलं मागे सरला, आणि मागच्या माणसाच्या पायावर पाय दिला. गावाचा मुखिया आहे तो. जमिनीच्या भांडणात बंदुकीसमोर उभा राहिलेला माणूस. पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “कुणीतरी पोलिसांना फोन करा,” तो म्हणाला. “पोराचं डोकं फिरलंय. आणि त्या पिंपांना कुणी हात लावू नका!”

नदीम खुळ्यासारखा बघत राहिला. “पोलीस? अहो, परवाना आहे माझ्याकडे!”

“परवाना आहे म्हणतो!” हिलाने किंचाळली.

तेवढ्यात माणसाएवढं फुलांचं चक्र घेऊन दोघं आले. त्यावर पट्टी: ‘शल्हूब तन्नूस यांस, शोकाकुल कफर नौस.’ नदीमने ती वाचली. “आजोबा गेले?” तो ओरडला. “कधी? मला कुणी सांगितलंच नाही!”

आता मात्र कुणालाच काही कळेना. ज्याने मारला, पिंपात घातला, तोच विचारतोय कधी गेला!

आणि याच क्षणाला नुहादची गाडी उताराने खाली आली. मागे ऑलिव्हच्या गोण्या, आणि गोण्यांवर टोपी मागे सरकवून शल्हूब आजोबा, हातात अर्धवट खाल्लेली काकडी.

हिलाने आडवी झाली. तिला सावरायला गेलेल्या दोघीही तिच्यावरच आडव्या झाल्या. एक म्हातारा तर गुडघे टेकून प्रार्थनाच म्हणू लागला.

आजोबा उतरले. त्यांनी गर्दी पाहिली, काळे कपडे पाहिले, आणि आदराने टोपी काढली.

“कोण गेलं?” त्यांनी हळूच विचारलं.

“तू!” मुख्तार ओरडला.

“मी?” आजोबांनी नुहादकडे पाहिलं. “आणि तू मला रस्त्यात बोलली नाहीस?”

उलगडा व्हायला दहा मिनिटं लागली. बशाराने आधी आजोबांना मिठी मारली, मग खिशातून कापलेली एक पट्टी काढून दाखवली आणि मान खाली घातली. “मयताच्या कागदावर ग्लास बरा दिसेना,” तो म्हणाला. “मी आपला चांगल्या भावनेने कापला.”

भीती ओसरली आणि त्या जागी राग आला. येणारच. बेकरीवाल्याने कणीक तशीच टाकली होती. एका बाईने केस रंगवता रंगवता अर्धे सोडले होते आणि ती डोक्याच्या रुमालाआड लपून बसली होती. “चेष्टा आहे का ही?” “रडून रडून घसा बसला माझा!” लोक खुर्च्यांवरून उठू लागले. मुख्तारने फुलांचं चक्र परत उचलायला लावलं.

नदीम पिंपाला टेकून उभा होता. एकाही पिंपाचा नळ उघडला गेला नव्हता. त्याने आईकडे पाहिलं. नुहादने नजर समुद्राकडे वळवली. पोराला पाठवायची तिला हौस होती असं नाही. पण इथे राहून पोरगा कुढत बसेल, याची तिला जास्त भीती वाटत होती.

“बसा!” आजोबा गरजले.

चौऱ्याऐंशी वर्षांचा आवाज, पण समुद्रावर ओरडून कमावलेला. सगळे बसले.

“माझ्या मयताला आलात ना?”

“अरे पण तू मेला नाहीस!” मुख्तार म्हणाला.

“तो माझा प्रश्न आहे. तुम्ही आलात की नाही? मग तोंडाला काही न लावता कुठे निघालात? कुठल्या घरची ही रीत?”

रीत खरी होती. मयताला आलेल्याने घरच्यांच्या हातचं काहीतरी खाल्ल्याप्यायल्याशिवाय उठायचं नाही. गेलेल्याच्या आत्म्याला त्यानेच शांती मिळते. हाडवैरीसुद्धा हा नियम मोडत नाही.

“पण हे… जेवण कुठाय?” कुणीतरी चाचरत विचारलं.

“नातवाने जे केलंय ते प्यायचं. माझ्या आत्म्यासाठी. ओत रे, नदीम! पहिला मला.”

नदीमने इतक्या घाईने ओतलं की अर्धा ग्लास फेसच भरला. आजोबांनी एक घोट घेतला, गाव श्वास रोखून बघत होतं. त्यांनी मिशी पुसली.

“हं,” ते म्हणाले. “तोंड धुवायला देऊ नका कुणाला. वाया जाईल.”

मग काय विचारता! हिलानेने शुद्धीवर येता येता पहिला ग्लास घेतला, धक्क्यावरचं औषध म्हणून. दुसरा घेतला तो मात्र कुठलंही कारण न सांगता. मुख्तारने खिशातलं शोकाचं भाषण काढलं, आता आणलंच आहे तर, असं म्हणत वाचलं. त्यात शल्हूबचं शौर्य होतं, माया होती, वादळात बुडत्या होडीतून दोन जणांना ओढून काढल्याची हकिगत होती. समोर बसून आजोबा ते ऐकत होते. मध्येच “तिघं होते, तिघं,” असं दुरुस्तही करत होते, आणि डोळे पुसत होते. जो तो उठून बोलू लागला. बशारा तर बोलता बोलता इतका रडला की आजोबांनाच त्याचं सांत्वन करावं लागलं.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा अर्धं गाव काळ्या पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून समुद्रात उभं होतं, हातात ग्लास. केस अर्धे रंगवलेली बाई पोहतसुद्धा होती. कुणालाच घरी जायचं नव्हतं. नववं पिंप साडेसहाला रिकामं झालं, आणि लोक बाटल्यांकडे वळले.

एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नदीम अजून झोपेत, तोच हिलाने दाराशी. हातात पाकीट. पाकिटात तिचा लग्नातला फोटो.

“पुढच्या बिअरवर मला घाल,” ती म्हणाली. “आयुष्यभर मी सगळ्यांसाठी रडले. माझ्यासाठी कोण किती रडतं, ते मला या डोळ्यांनी बघायचंय. मेल्यावर काय दिसणार, कपाळ?”

“अहो, पण मावशी—”

“आणि काळी चौकट हवी. आणि ग्लास कापायला बशाराच पाहिजे, त्याला जमतं ते.”

दुपारपर्यंत बेकरीवाल्याचे वडील येऊन गेले. मग चुलत्यांपैकी दोघे, एकमेकांच्या आधीची तारीख मागत. संध्याकाळी मुख्तार आला, दोन फोटो घेऊन, कुठल्यात तो जास्त चांगला दिसतो ते विचारायला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर म्हातारे-म्हाताऱ्या ओळीने मांडलेल्या. एकेकाची बिअर वेगळी हवी. कुणाला अंजिराची, कुणाला संत्र्याच्या सालीची. हिलानेला तर कडूच हवी होती.

इतक्यात अबूधाबीहून फोन आला. सोमवारी विमानतळावर नदीमला घ्यायला किती वाजता यायचं, हे मामाला पक्कं करायचं होतं. नुहादने फोन कानाला लावला, पायाने बॅग टेबलाखाली सरकवली, आणि टेबलावरच्या फोटोंकडे पाहत म्हणाली,

“नाही रे दादा, तो कसा येणार? ईस्टरपर्यंत आमच्याकडे मयतं लागलीयेत.”