तात्याने माती खाल्ली

एका जंगलात, मुलांनो, एक उतार होता.

गोष्टीच्या सुरुवातीला सिंह असतो, हे मलाही ठाऊक आहे. पण या जंगलाला सिंह परवडत नव्हता. इथे एक बिबट्या होता आणि त्याने स्वतःच स्वतःचं नाव ठिपकेसिंह महाराज असं ठेवलं होतं. तेव्हा चुळबुळ थांबवा आणि उताराकडे बघा.

उताराच्या माथ्यावर कातळआजोबा बसले होते. दिवसा ते उन्हाने तापत, रात्री गार पडत. असं होता होता त्यांच्या अंगाचे कांद्यासारखे पापुद्रे सुटत. भेगांत पाणी शिरे, मुळं शिरत. वर दगडफूल वाढे. हो, तेच, तुमची आई मसाल्यात घालते ते. तेही आजोबांना गुपचूप पोखरत असे. त्या भुग्यात पालापाचोळा पडे आणि गांडुळं तो सगळा काला ढवळत बसत. या पद्धतीने सहा हजार वर्षांत उतारावर वीतभर माती झाली होती.

मातीवर गवत होतं. गवतावर हरणं जगत. हरणांवर राजा जगे. सगळं बरं चाललं होतं, म्हणून एके दिवशी राजाला वाटलं, आपण काहीतरी करायला हवं.

त्याने मृदसंधारण खातं काढलं. मंत्री झाले सुळोजीराव, म्हणजे एक लठ्ठ रानडुक्कर. माती वाहून जाऊ नये म्हणून उतारावर चर खणायचं ठरलं. असे चर आडवे खणायचे असतात, म्हणजे पाणी अडतं आणि जमिनीत मुरतं. सुळोजीरावांनी ते उभे खणले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत, दोरी लावल्यासारखे सरळ.

"आडवे चर गुहेतून दिसत नाहीत, महाराज," ते म्हणाले. "हे बघा कसे नजरेत भरतात!"

राजाच्या नजरेत ते भरले. आणखी उठून दिसावेत म्हणून मधलं गवतही उपटलं. दोन पावसाळे गेले. चरांतून माती जी धावत सुटली ती थेट ओढ्यात आणि ओढ्यातून शेजारच्या जंगलात. उतारावर उरली बोटभर.

राजाने दरबार भरवला.

"माती कुणी खाल्ली?" त्याने डरकाळी फोडली.

माती खाणं म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. कुणी मोठा घोळ घातला की तुमचे बाबा पेपर वाचता वाचता म्हणतात, "खाल्ली याने माती!" त्या अर्थाने माती न खाल्लेला एकही अधिकारी दरबारात नव्हता. माकडाने नदीवर पूल बांधला होता, पण नदीच्या लांबीला. घुबडाने दिवसाची शाळा काढली होती आणि ते स्वतःच वर्गात झोपत होतं. पण कबूल कोण करणार? सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

तेवढ्यात जमिनीतून बारीक आवाज आला. "मी खाल्ली, सरकार."

तो तात्या होता. तात्या म्हणजे एक म्हातारं गांडूळ.

"रोज खातो," तात्या म्हणाला. "माझे वडीलही खायचे. म्हणजे आईच. आमच्यात ती दोन्ही एकच असतात."

दरबाराने तोंडात बोटं घातली. ज्यांना बोटं नव्हती त्यांनी शेजाऱ्याची घातली.

तात्याची बाजू घेऊन एक भेकरीण तेवढी बोलली. तिचं पाडस तिला बिलगून उभं होतं. "अहो महाराज, तात्यांमुळे माती भुसभुशीत राहते. म्हणून गवत येतं. त्यांना घालवलंत तर माझ्या लेकराने खायचं काय?"

"लेखी द्या," सुळोजीराव म्हणाले. भेकरिणीला लिहिता येत नव्हतं.

मग कातळआजोबांची साक्ष झाली.

"नवी माती कधी देणार?" राजाने विचारलं.

आजोबा फार सावकाश बोलत. उत्तर यायला सोमवार उजाडला. "बोटभराला... पाचशे वर्षं."

"गुरुवारपर्यंत द्या."

"पाचशे वर्षं."

"बरं, शुक्रवार. आता माझ्याच्याने यापेक्षा मुदत वाढवून देववत नाही."

आजोबांनी शुक्रवारपर्यंत विचार केला आणि एक खडा गाळला. राजाने त्यांना कामचुकार ठरवलं आणि मोर्चा तात्याकडे वळवला.

"खाल्लेल्या मातीचं काय केलंस रे?"

"परत दिली, सरकार."

"काय?"

"खातो, पोटात घोळवतो आणि परत देतो. घेतली होती त्यापेक्षा बरी करून देतो."

खाणारे त्या दरबाराने पुष्कळ पाहिले होते. परत देणारा पहिल्यांदाच पाहिला. डुकरांना घाम येत नाही, पण सुळोजीरावांना आला.

"महाराज, याने खाल्ली ते आम्ही समजू शकतो," ते म्हणाले. "पण हा परत देतो! उद्या सगळ्यांकडून हीच अपेक्षा होईल. मग राज्य चालायचं कसं?"

माकडाने मान डोलावली. घुबड झोपेतच हो म्हणालं.

निकाल लागला. तात्या आणि त्याचं सगळं गणगोत तडीपार. मुदत चोवीस तास. चोवीस तासांत तात्या एका दगडापासून जेमतेम दुसऱ्या दगडापर्यंत पोचला. तेव्हा भेकरिणीने त्याला ओल्या पळसाच्या पानात घेतलं आणि पान अलगद तोंडात धरलं. इतर हरणांनीही एकेक पान उचललं. सगळी मिळून ओढ्याच्या काठाने खाली निघाली, माती गेली होती तिकडे. "सहा हजार वर्षांचं घर होतं हो," असं म्हणत तात्या पानात रडत होता. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

इकडे तात्याची जागा रिकामी झाली. राजाने जाहिरात काढली: 'माती खाणारा पाहिजे. अनुभव आवश्यक.' एका दिवसात तीनशे अर्ज आले. सगळेच अनुभवी. शेवटी वाद नको म्हणून अतिरिक्त कार्यभार सुळोजीरावांकडेच दिला. त्यांनी नाकाने उतार उकरला आणि आठ दिवसांत काम उरकलं.

"माती संपवली, महाराज. मुदतीच्या आधी!"

राजाने सत्कार ठेवला. शाल आली, नारळ आला. नारळ फोडायला आता हवा तिथे कातळ होता. राजा भाषणाला उभा राहिला आणि बघतो तर समोर कुणी नाही. माकड आणि घुबड उंच झाडावर बसलेले. उतारावर गवत नाही, हरीण नाही, ससा नाही. टाळ्या वाजवल्या त्या एकट्या सुळोजीरावांनी.

राजा आठ दिवसांचा उपाशी होता. त्याने सुळोजीरावांच्या खांद्यावर शाल घातली. घालता घालता मान चाचपून पाहिली. चांगली जाड होती.

"महाराज, या जंगलासाठी मी माझं सर्वस्व द्यायला..." सुळोजीराव गहिवरून म्हणाले.

राजाने त्यांना खाल्लं. परत दिलं नाही.

तात्पर्य: मुलांनो, माती जरूर खावी. मोठेपणी त्यातूनच पदं मिळतात. मात्र खाल्लेलं चुकूनही परत देऊ नये. परत देणाऱ्याला आपलं जंगल सोडावं लागतं आणि गवत कमरेइतकं वाढतं अशा कुठल्यातरी भलत्याच ठिकाणी जन्म काढावा लागतो.