वरच्या मजल्यावरचा मामा

कोशकारांचं काहीतरी शिजतंय, याबद्दल त्यांच्या बायकोला तिळमात्र शंका उरली नव्हती. शब्दकोशाच्या ऑफिसातून आले की चहा अर्धा टाकायचा, चपला हातात घ्यायच्या आणि आवाज न करता जिना चढायचा. गच्चीवर हवा खायला जातात म्हणे! हवा खायला चपला हातात कशाला लागतात? त्यात बरोबर डोक्यावरच्या घरात परदेशातलं एक कुटुंब नुकतंच राहायला आलेलं. बाई देखणी.

"ताई, तू अगदीच भोळी," काजं करता करता धाकटी बहीण म्हणाली. "परवा भावोजी खाली उतरले ना, तर गालातल्या गालात हसत होते."

"हसत होते?" बायकोची कात्री कापडातच थांबली. "इतका संसार केला, मेलं माझ्याकडे बघून कधी हसू फुटलं नाही!"

'मेलं'शिवाय तिचं वाक्य पुरं होत नसे. कुकर मेला, सुई मेली, शिवणयंत्र मेलं, आणि रागावली की नवराही.

त्या संध्याकाळी कोशकार वर गेले आणि मागोमाग तीही निघाली, चपला हातात घेऊन. बघते तर काय, नवरा परक्या दाराशी, चपलांच्या कपाटाआड उकिडवा बसलेला आणि कान दाराला! आतून लहान मूल ओरडलं, "मामा! मामा!" कुणा पुरुषाने लाडाने ओ दिली. कोशकारांचा चेहरा खुलला. बायकोचं डोकं भराभर चालू लागलं. आत मुलाचा मामा आहे, म्हणजे बाप घरात नाही. म्हणजे बाई एकटी. म्हणजे हा माणूस इथे मामा जाण्याची वाट बघत बसलाय!

तिने मागून त्यांची कॉलर धरली. "काय चाललंय?"

"श्श! हळू! तो मामा नाही गं, बाप आहे. त्यांच्या भाषेत बापाला मामा म्हणतात, आणि आईला देदा."

"काहीतरीच! मामा तो मामा."

"अगं, दिसायला शब्द एकच, पण आपल्या मामाचं मूळ वेगळं, त्यांच्या मामाचं वेगळं. दोघांची साधी ओळखदेखील नाही. आठवडाभर तेच टिपतोय."

"मग मेली बेल दाबून सरळ विचारायचं की!"

"छे! आमच्या ऑफिसचा नियमच आहे. विचारलं की माणूस सावध होतो, जपून बोलतो, शब्द खोटा निघतो. नकळतच ऐकावं लागतं."

बायकोला रडू आणि हसू एकदमच आलं. दुसरी बाई नाही, या एका गोष्टीने छातीवरचा दगड उतरला होता. "अहो, मी आज बॅग भरून ठेवली होती!" असं म्हणून तिने चपलेनेच त्यांना एक हलकीशी ठेवून दिली.

तेवढ्यात दार उघडलं. दारात तो बाप उभा. चोर समजून ओरडेल म्हणून दोघांनी डोळे मिटले, पण तो बायकोकडे बघून आनंदाने म्हणाला, "या या ताई! तुमचा आवाज लगेच ओळखला. रोज ऐकतो ना, स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून. मी तुमच्या भाषेचा कोश करतोय. तुमचा 'मेला' फार सुंदर आहे!"

बायको लाजेने पाणी पाणी झाली. "अहो, पण मला विचारायचं होतंत!"

"विचारलं की माणूस सावध होतो!" दोघेही पुरुष एका सुरात म्हणाले.

आणि झालंही तसंच. दुसऱ्या दिवसापासून घरात, "आपण चहा घ्यावा" आणि "कुकरने शिट्टी दिली आहे" सुरू झालं. खिडकीकडे तोंड करून, एकेक अक्षर सुटं. चार दिवसांतच कोशकार कासावीस झाले. पाहुण्यासारखं वाटायला लागलं त्यांना स्वतःच्या घरात.

"एकदा तरी नेहमीसारखी बोल गं," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "माझ्यासाठी."

तिने वर पाहिलं, खिडकी लावली, पडदा ओढला. मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन अगदी हळू म्हणाली, "मेला!"

वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.